बाकीची साक्ष

आयबीएम कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेला पर्सनल कॉम्प्युटर काम करता करता एकाएकी ठप्प झाला, की कधी कधी पडद्यावर 'पॅरिटी चेक १' किंवा 'पॅरिटी चेक २' अशी अक्षरे उमटत. एवढेच. काय करावे, कुठे पाहावे, काही नाही. यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचे, आणि मधले काम गेले ते गेलेच. दुरुस्ती करणाऱ्यांना मात्र त्या शेवटच्या आकड्यात पुष्कळ काही कळत असे. १ म्हणजे मुख्य पाटीवरच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मेमरीत गडबड. २ म्हणजे खाचेत बसवलेल्या एखाद्या जोडकार्डाकडून आलेली तक्रार. मग संगणकाची पेटी उघडायची, एकेक कार्ड काढायचे आणि पाहायचे.

आजचा संगणक असा अडून बसत नाही. त्याच्या आतल्या तारांवरही निरोप बिघडतात, एखाद्या सैल बसलेल्या कार्डावर तर तासाला शेकड्यांनीही बिघडू शकतात. पण तो ते ओळखतो, पुन्हा मागवून घेतो आणि आपल्याला काही न सांगता पुढे जातो. अडून बसण्यापासून गप्प राहण्यापर्यंतचा हा प्रवास कसा झाला, ते या लेखात पाहू. या गप्प राहण्याची किंमत शेवटी शाळेच्या संगणककक्षालाही मोजावी लागते, म्हणून शिक्षकांना हा इतिहास ठाऊक असावा असे आम्हांला वाटते.

आधी 'बस' म्हणजे काय ते पाहू. हा शब्द रस्त्यावरच्या बसचाच भाऊ आहे. मूळ लॅटिन 'ऑम्निबस', म्हणजे 'सर्वांसाठी'. संगणकाचा प्रोसेसर, डिस्क, छपाईयंत्र, पडदा यांना जोडणाऱ्या सामाईक तारांच्या जुडग्याला बस म्हणतात. जुन्या वाड्यात पाच बिऱ्हाडांना मिळून एकच नळ असे, तशी ही व्यवस्था. एका वेळी एकानेच पाणी भरायचे, बाकीच्यांनी थांबायचे. आणि एका बिऱ्हाडाची जोडणी गळू लागली की दाब सगळ्यांचाच कमी होतो. तक्रार मात्र माडीवरचा भाडेकरू करतो, कारण पाणी त्याच्याकडे आधी बंद होते. बसवरच्या बिघाडाचा शोध अवघड का, याचे उत्तर बरेचसे यातच आहे. तक्रार जिथून येते तिथेच दोष असेल असे नाही.

आता निरोप बिघडतो म्हणजे काय होते? तारेवर ० आणि १ जातात ते विजेच्या दाबाच्या रूपाने. तारेतून संकेत साधारणपणे एका नॅनोसेकंदात १५ ते २० सेंटिमीटर जातो. तारेचे टोक नीट बंद केलेले नसेल, तर भिंतीला बांधलेल्या दोरीला झटका दिल्यावर तरंग परत येतो, तसा संकेत टोकावर आपटून परत येतो आणि मागून येणाऱ्या संकेतात मिसळतो. शेजारच्या तारेचा परिणाम होतो. संपर्काच्या पट्टीवर ऑक्साइडचा थर चढतो, धूळ बसते, ओल शिरते. अशा वेळी १ पाठवला तर पलीकडे ० वाचला जातो. पलीकडच्या यंत्राला हे कळणार कसे? त्याने मूळ निरोप पाहिलेलाच नसतो.

हाच प्रश्न शाळेतल्या मुलापुढेही असतो. गुणाकार केला, उत्तर आले, पण ते बरोबर आहे की नाही हे पुन्हा गुणाकार न करता कसे ठरवायचे? जुन्या पिढीतल्या शिक्षकांना याचे उत्तर तोंडपाठ होते. नऊ टाकून पडताळा. ३४७ गुणिले २६ बरोबर ९०२२. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज १४, तिच्यातून ५. दुसरीतून ८. पाच आठे चाळीस, त्यातून ४. उत्तराच्या अंकांची बेरीज १३, तिच्यातूनही ४. पडताळा जमला. आपण खरे तर प्रत्येक संख्येला ९ ने भागून उरणारी बाकी तेवढी तपासली. ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. दुसऱ्या आर्यभटाच्या 'महासिद्धान्त' या सुमारे दहाव्या शतकातल्या ग्रंथात ती येते, आणि १३५६ सालच्या 'गणितकौमुदी'त नारायण पंडिताने तर ९ चा आग्रहही सोडून कोणत्याही इष्ट संख्येने भागून पडताळा घेण्याची मुभा दिली आहे.

पण या पडताळ्याला एक आंधळी जागा आहे. ९०२२ ऐवजी चुकून ९२०२ लिहिले तरी अंकांची बेरीज १३ च राहते, आणि पडताळा बिनदिक्कत जमतो. अंकांची अदलाबदल नवाला दिसतच नाही.

या आंधळ्या जागेवर ज्यांनी आयुष्यभर प्रेमाने काम केले, असे म्हणता येईल, ते शिक्षक आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळेत शिकवत होते. संख्यांच्या अंकांशी खेळण्याचा त्यांना नादच होता. १९४९ साली त्यांनी दाखवून दिलेली गोष्ट आता जगभर ठाऊक आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. येणाऱ्या उत्तरावर हेच पुन्हा करा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग ते बदलत नाही. यात दर पायरीला येणारी वजाबाकी ९ ने भाग जाणारीच असते. का? कारण अंकांचा क्रम बदलला तरी नवाने भागल्यावरची बाकी तीच राहते, मग दोन सारख्या बाक्यांच्या संख्या वजा केल्यावर बाकी उरणार कुठून? ६१७४ हेही ९ गुणिले ६८६ आहे. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी कधीच तयार होत नाही, अशा संख्यांचाही त्यांनी अभ्यास केला, आणि त्या संख्यांना गणितज्ञ आजही 'देवळाली संख्या' या नावाने ओळखतात. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले, तोवर आपल्याकडे अनेकांना हा केवळ आकड्यांचा छंद वाटत होता.

कापरेकरांचा संगणकाच्या बसशी काही संबंध नव्हता, तसा आम्ही जोडतही नाही. पण जो गुण पडताळ्याला आंधळे करतो तोच गुण दुसरीकडे दोष दाखवतो, हे त्यांच्या संख्यांवरून वर्गात फार छान सांगता येते. जमाखर्चाच्या दोन बाजूंत फरक आला आणि तो फरक ९ ने भागला गेला, तर अनुभवी कारकून आधी उलटसुलट लिहिलेला आकडा शोधतो. वरच्या उदाहरणातही ९२०२ आणि ९०२२ यांतला फरक १८०, म्हणजे ९ गुणिले २० आहे. आणि भाजक बदलला की आंधळी जागाही बदलते. ९ ऐवजी ११ ने पडताळा घेतला तर शेजारच्या अंकांची अदलाबदल ताबडतोब पकडली जाते. ३४७ ची बाकी ६, २६ ची ४, सहा चोक चोवीस, त्याची बाकी २. ९०२२ ची बाकीही २ च येते, पण ९२०२ ची ६ येते. पुस्तकांवर छापल्या जाणाऱ्या जुन्या दहा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक ११ च्याच हिशेबाने ठरवत, तो याच कारणासाठी.

संगणकाच्या जगातला पहिला पडताळा मात्र नवापेक्षाही साधा होता. ९ नाही, ११ नाही, भाजक २. आठ तारांवरून आठ बिट जात असतील तर नववी तार घ्यायची, आणि एकूण १ ची संख्या नेहमी विषम राहील असा बिट तिच्यावर ठेवायचा. पलीकडे मोजणी केल्यावर संख्या सम आली तर काहीतरी बिघडले. हीच पॅरिटी. आयबीएमच्या १९५२ सालच्या चुंबकीय फितीवर सहा पट्टे माहितीचे आणि सातवा पॅरिटीचा असे. १९६४ साली जाहीर झालेल्या सिस्टिम ३६० या यंत्रमालिकेत जोड-उपकरणांकडे जाणाऱ्या केबलमध्येही आठ तारांसोबत ही नववी तार होतीच.

चूक कळली तर पुढे काय करायचे, हा प्रश्न बेल प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंग यांना १९४७ च्या सुमारास फार छळत होता. तिथल्या रिले-यंत्राला निरोपातली चूक ओळखता येत असे. आठवड्याच्या दिवशी चूक झाली की यंत्र थांबे, माणसे येऊन दुरुस्त करत. पण हॅमिंग यांची गणिते शनिवार-रविवारी लागत, तेव्हा माणसे नसत, आणि यंत्र त्यांचे काम अर्धवट टाकून पुढचे काम घेई. सोमवारी येऊन पाहावे तर उत्तर नाही. चूक झाली एवढे यंत्राला कळते, तर ती कुठे झाली हे का कळू नये, असे त्यांच्या मनात आले. त्यातून जन्मलेले चूक सुधारणारे संकेत त्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केले. आज मोठ्या सर्व्हर-यंत्रांची मेमरी या कल्पनेच्या वंशजांवर चालते.

बसवर मात्र वेगळी वाट धरली गेली. तिथे चूक सुधारण्यापेक्षा ती खात्रीने ओळखणे आणि निरोप पुन्हा मागवणे स्वस्त पडते. प्रश्न होता तो खात्रीचा. पॅरिटीला एक बिट बदललेला दिसतो, दोन बदलले तर तिला पत्ताच लागत नाही. आणि तारेवरचा खरखराट सहसा एकट्या बिटाला गाठत नाही, सलग पाचसात बिटांना एकदम झोडपतो. १९६१ साली वेस्ली पीटरसन आणि डी. टी. ब्राऊन यांनी याचे उत्तर मांडले, आणि ते म्हणजे आपला जुना बाकीचाच पडताळा आहे. फक्त भाजक मोठा आणि भागाकार 'हातचा' न घेता करायचा.

हा भागाकार आठवी-नववीच्या मुलांना फळ्यावर करता येतो, म्हणून एक उदाहरण करूनच पाहू. वजाबाकीचा नियम एकच. सारखे असले तर ०, वेगळे असले तर १. हातचा नाही, उसनवार नाही. निरोप समजा ११०१, भाजक १०११. भाजक चार अंकी, म्हणून निरोपापुढे तीन शून्ये मांडू: ११०१०००. आता भागू या.

११०१ मधून १०११ गेले, उरले ०११०.
पुढचे शून्य उतरवले, ११०० मधून १०११ गेले, उरले ०१११.
पुढचे शून्य, १११० मधून १०११ गेले, उरले ०१०१.
शेवटचे शून्य, १०१० मधून १०११ गेले, उरले ०००१.

बाकी ००१. ती शून्यांच्या जागी ठेवून ११०१००१ असा निरोप पाठवायचा. पलीकडच्या यंत्राने याला १०११ ने भागले की बाकी शून्य उरते. आता वाटेत दुसरा आणि तिसरा बिट बदलून १०११००१ पोचला असे समजा. १ ची संख्या आधी चार होती, आताही चारच आहे. पॅरिटी काहीच बोलणार नाही. पण भागून पाहा. पहिले चार अंक भाजकाशी तंतोतंत जुळून नाहीसे होतात आणि बाकी ००१ उरते. चूक पकडली गेली. या रीतीला 'सीआरसी' म्हणतात. भाजक नीट निवडला तर ३२ बिटांच्या सीआरसीतून सलग ३२ बिटांपर्यंतचा कोणताही घोळ सुटत नाही, आणि अगदी वाटेल तसा विसकटलेला निरोप खपून जाण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक असते. शिवाय हा भागाकार करणारे परिपथ अगदी थोड्या सुट्या भागांतून बनते, म्हणून अभियंते त्यावर खूष.

एवढे चांगले साधन १९६१ पासून हाताशी असूनही छोट्या संगणकांच्या बसवर ते यायला तीन दशकांहून अधिक काळ लागला. कारण साधे होते. तारा आखूड आणि वेग कमी, मग कशाला खर्च? आपल्याच महाराष्ट्रातले एक नामांकित यंत्र या विचाराचे उदाहरण आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने, विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली, १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. त्याच्या एका रचनेत ६४ ट्रान्सप्यूटर होते. ट्रान्सप्यूटर ही इंग्लंडमधल्या इनमॉस कंपनीची चिप, आणि तिची गंमत अशी की शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी तिला चार कड्या असत. एका कडीवरून सेकंदाला दोन कोटी बिटांपर्यंत वेग मिळे. एकेक बाइट अकरा बिटांच्या पुडीत जाई, आणि पलीकडून दोन बिटांची पोच येई. पोच आल्याखेरीज पुढचा बाइट पाठवायचा नाही, हा नियम. आणि त्या अकरा बिटांत पॅरिटी नव्हती!

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. पुडीतला एखादा बिट उलटला तर ओळखायला काही साधन नाही. आणि पोच वाटेत हरवली, तर पाठवणारा तिची वाट पाहत बसून राहणार. चूक झाली असे कोणीच म्हणत नाही, गणित फक्त थांबते. टपाल खात्याची पोच हरवली म्हणून एखाद्याने पुढची सगळी पत्रे लिहिणेच थांबवावे तसे. म्हणून इनमॉसने आज्ञावली लिहिणाऱ्यांना वेगळ्या कार्यपद्धती दिल्या होत्या; ठरावीक वेळ थांबून पोच आली नाही तर तो संवाद सोडून द्यायचा आणि कडी पुन्हा नव्याने सुरू करायची. पुढच्या पिढीच्या कड्यांत त्याच कंपनीने पॅरिटी घातली. चांगल्या पाट्या आणि आखूड, व्यवस्थित संरक्षित तारा यांच्या जोरावर परमसारखी यंत्रे चालली, आणि ती चालवणाऱ्या अभियंत्यांच्या कौशल्याला म्हणूनच आम्ही जास्त मान देतो.

नाशिकपासून फार दूर नसलेल्या ओझरला मात्र नेमका उलटा विचार पाहायला मिळतो. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा तिथला कारखाना १९६४ सालचा, मिग-२१ विमाने बांधण्यासाठी उभा राहिलेला. या शतकात तिथे सुखोई-३० एमकेआय विमाने परवान्याखाली बांधली गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले. या दोन्ही विमानांतले संगणक, रडार, दर्शकपडदे एका अमेरिकी लष्करी मानकाच्या बसवरून बोलतात. त्याचा क्रमांक १५५३. पहिली आवृत्ती १९७३ ची, आज रूढ असलेली 'बी' आवृत्ती १९७८ ची. वेग सेकंदाला फक्त दहा लाख बिट, म्हणजे परमच्या एका कडीच्या विसाव्या हिश्श्याइतका. पण संशयी वृत्ती पराकोटीची.

प्रत्येक शब्दात १६ बिट माहिती आणि एक पॅरिटीचा. नुसत्या पॅरिटीवर एवढा विश्वास कसा? त्याचे उत्तर संकेताच्या आकारात आहे. या बसवर प्रत्येक बिटाच्या मधोमध विजेचा दाब वरून खाली किंवा खालून वर जायलाच हवा. खरखराटाने बिट बिघडला तर हा आकार बहुधा मोडतो, आणि तो मोडलेला आकारच चूक जाहीर करतो. याशिवाय सगळ्या तारा दुहेरी. एक गेली तर दुसरी. प्रत्येक उपकरण मुख्य तारेला रोहित्र आणि रोधक यांच्यामार्फत जोडलेले, त्यामुळे एका फांदीत तारा एकमेकींना चिकटल्या तरी मुख्य बस बंद पडत नाही. वाड्यातल्या एका बिऱ्हाडाचा नळ फुटला तरी इतरांचे पाणी चालू राहावे, अशी सोय.

आम्हांला सर्वांत आवडते ती त्यातली शांततेची रीत. उपकरणाला बिघडलेला निरोप मिळाला तर ते 'चुकले' असे सांगत नाही. ते गप्प बसते, आणि स्वतःच्या नोंदीत एक खूण करून ठेवते. नियंत्रक किमान १४ मायक्रोसेकंद वाट पाहतो. उत्तर नाही म्हणजे काहीतरी बिघडले. मग तो पुन्हा पाठवतो, किंवा दुसऱ्या तारेवरून विचारतो, 'तुझी मागची स्थिती सांग.' शंका असेल तर न बोलणे, पण नोंद ठेवणे. बिघडलेल्या आदेशाला उत्तर दिले तर कदाचित भलतेच उपकरण बोलायला लागेल, म्हणून हा नियम.

घरगुती संगणकांच्या बसवर पडताळा आला तो १९९२ सालच्या पीसीआय बसबरोबर, आणि तोही पॅरिटीच्या रूपात. ३२ माहितीच्या आणि चार आदेशाच्या अशा ३६ तारांवर मिळून एक पॅरिटीची तार. एक तक्रारीची तार निरोपातली चूक सांगायला, दुसरी त्याहून गंभीर, म्हणजे पत्त्यातली चूक सांगायला. पत्ता चुकला तर निरोप कोणाच्या घरी गेला कुणास ठाऊक, म्हणून तिथे बहुतेक यंत्रे सरळ थांबत. १९९६ साली यूएसबी आली. तिच्या जनकांत अजय भट्ट हे वडोद्याला शिकलेले अभियंते होते. तिच्यात सीआरसी सुरुवातीपासूनच आहे. पत्त्याला पाच बिटांचा, माहितीला सोळा बिटांचा. निरोप बिघडला तर पुन्हा, पुन्हा बिघडला तर पुन्हा, लागोपाठ तीनदा बिघडला तर सोडून द्यायचे. यातही एक बारकावा आहे, आणि तो दोष शोधताना उपयोगी पडतो. कॅमेरा किंवा ध्वनी यांची माहिती पुन्हा मागवली जात नाही, कारण उशिरा आलेला आवाज काय कामाचा? म्हणून एकाच खराब केबलवर पेन-ड्राइव्ह नुसता संथ होतो, पण कॅमेऱ्याचे चित्र फाटते. चित्र फाटले की लोक कॅमेरा बदलतात.

डिस्कच्या केबलवर सीआरसी १९९८ च्या मानकात आला, आणि इथे गप्प बसण्याचे दुष्परिणाम पहिल्यांदा ठळक दिसले. विंडोज एक्सपीमध्ये असा नियम होता, की डिस्ककडून सीआरसीच्या किंवा उशिराच्या सहा चुका जमल्या की संगणक तो वेगवान मार्ग सोडून जुन्या, संथ मार्गावर उतरे. पडद्यावर काही येत नसे. यंत्र फक्त रडतखडत चाले. नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत आम्ही असा संगणक पाहिला आहे. व्हायरस समजून त्याच्यावरची सगळी आज्ञावली दोनदा पुसून नव्याने घातली गेली होती, मग डिस्क बदलली गेली, आणि नव्या डिस्कवरही काही दिवसांत तेच. प्रत्येक डिस्क स्वतःची एक नोंदवही ठेवते; तिच्यातल्या १९९ क्रमांकाच्या ओळीत केबलवरच्या सीआरसी चुकांची मोजदाद असते. जुन्या डिस्कवर आकडा मोठा, नव्या डिस्कवरही शून्यावरून चढत चाललेला. दोन वेगळ्या डिस्कांवर तोच आकडा चढतो, याचा अर्थ दोष दोघींत सामाईक असलेल्या गोष्टीत. टेबलाच्या कडेला दुमडून पेटीत कोंबलेली चपटी केबल बदलली, संगणकाला त्या मार्गावर पुन्हा वेगाने चालायला सांगितले, आणि काम झाले. केबलची किंमत डिस्कच्या मानाने अगदीच किरकोळ.

२००३ च्या सुमारास आलेल्या पीसीआय-एक्सप्रेस बसने ही व्यवस्था पूर्णत्वाला नेली. सामाईक नळ गेला, प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र जोडणी मिळाली. दर निरोपाला क्रमांक आणि ३२ बिटांचा सीआरसी. पाठवणारा निरोपाची प्रत जपून ठेवतो. पोच आली की फाडतो, 'बिघडला' असे उत्तर आले किंवा ठरल्या वेळात काहीच आले नाही, तर पुन्हा पाठवतो. आणि या सगळ्याची नोंद दोन्ही टोकांना राहते. या नोंदींतून दोषाची दिशाही काढता येते. 'निरोपाची बाकी जुळली नाही' अशी नोंद घेणाऱ्याकडे होते. 'पोचेची मुदत टळली' अशी नोंद पाठवणाऱ्याकडे होते. पहिल्या प्रकारच्या चुका एकाच टोकाला साचत असतील, तर त्या दिशेने येणारी तारांची जोडी संशयित. दुसऱ्याच प्रकारच्या साचत असतील आणि पहिल्या नसतील, तर निरोप पोचतो आहे पण पोच परत येत नाही, म्हणजे उलट दिशेची जोडी पाहायची. कार्ड सैल असणे, खाचेत धूळ, खाच आणि कार्ड यांच्यामध्ये लावलेली स्वस्त लांब पट्टी, वीज वाचवण्यासाठी जोडणी झोपवून पुन्हा उठवताना होणारा गोंधळ, ही नेहमीची कारणे.

लिनक्स वापरणाऱ्या शाळांत ही नोंद 'बस एरर, करेक्टेड' अशा शब्दांत दिसते, कधी कधी इतक्या वेळा की डिस्क नोंदींनीच भरून जाते. यावर एक सोपा तोडगा सुचवला जातो; संगणक सुरू होताना एक सूचना देऊन ही नोंद घेणेच बंद करायचे. नोंदी थांबतात, चुका चालूच राहतात. ताप आला म्हणून तापमापक फेकून द्यावा, तसलाच हा उपाय. वीज वाचवण्याची ती सोय तेवढी बंद करून पाहणे अधिक शहाणपणाचे. त्याने चुका थांबल्या तर कारण कळले आणि पेटी उघडायचीही गरज नाही.

पेटी उघडावी लागलीच तर पावसाळ्यातले नाशिक ध्यानात ठेवावे. जून ते सप्टेंबर हवेत ओल, त्याआधी दोन महिने धूळ. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडच्या शाळांना हे सांगायला नकोच. वीजपुरवठा काढून, हात पेटीच्या धातूच्या सांगाड्याला लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी, कार्ड खाचेतून सरळ वर ओढून काढावे, सोनेरी पट्ट्या कोरड्या सुती कापडाने पुसाव्यात. पांढऱ्या खोडरबराने घासण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि ती बऱ्याचदा काम करते. मात्र सोन्याचा थर पातळ असतो आणि रबराचा भुगा खाचेत गेला तर नवा दोष तयार होतो, म्हणून हलक्या हाताने, पेटीपासून दूर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कार्डही पुसले, खाचही बदलली, केबलही नवी घातली आणि यंत्र चालू लागले, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वर्षी सगळे पहिल्यापासून.

त्याआधी डिस्कच्या नोंदवहीतला १९९ व्या ओळीचा आकडा कागदावर टिपून घ्यावा, तारीख घालून. तो दाखवणाऱ्या आज्ञावल्या विनामूल्य मिळतात. त्यांतल्या काही तो सोळाच्या पद्धतीत दाखवतात, तेवढे लक्षात ठेवून दशमानात उतरवून घ्यावा. मुलांना तोही एक सराव होईल. दर महिन्याला पुन्हा टिपावा. आकडा किती मोठा आहे याला महत्त्व नाही, वाढतो आहे का ते पाहायचे. केबल बदलल्यानंतर तो खाली येत नाही, कारण ही नोंद पुसली जात नाही. जुलैत ४१२ होता आणि सप्टेंबरातही ४१२ च असेल, तर केबल ठीक बसली आहे.